ओन्ली बॉडी

“अगं बाई, याला डोळाच नाही! नुसतं भोक आहे, भोक!”

बाळाची आत्या ओरडली. त्या बाईचा आवाज असा, की तिनं घरात लसूण मागितला तर शेजारच्या तीन बिल्डिंगी लसूण सोलायला बसतील. रहाटणीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून तो आवाज जो निघाला, तो काळेवाडीच्या पुलावरची वाहनं थांबवूनच माघारी आला असेल. पाळण्याभोवतीच्या चाळीसएक बायका एकदम पुढं वाकल्या. घुगऱ्यांची परात घेऊन निघालेली एक जण दारातच थबकली. बाळ तेवढं खुशीत होतं. बारसं त्याचं होतं, पण तमाशा दुसऱ्याचा चालला होता, हे त्याला कळलं असावं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात नवाकोरा कॅमेरा होता. त्याच मिनिटाला हळदीकुंकू लावलेल्या खोक्यातून बाहेर काढलेला. तिनं पुढचं काळं झाकण फिरवून काढलं होतं, आणि जिथं काच असायला पाहिजे तिथं गोल खड्डा होता. विहिरीत पडलेली बादली शोधावी तशी ती आत वाकून बघत होती. मग तिनं खोकं पाहिलं. चार्जर, बॅटरी, गळ्यातला पट्टा, पुस्तिका. खोकं उलटं करून हापटलं. त्यातून पुठ्ठ्याचा एक तुकडा पडला आणि घरंगळत पाळण्याखाली गेला.

सगळ्यांची तोंडं उघडी होती. त्या खोलीत एकाच माणसाला यात काही नवल वाटलं नव्हतं. तो माणूस मी.

हा किस्सा मी कंपनीच्या बसमध्ये, लग्नांच्या पंगतीत, सलूनमध्ये शंभरदा सांगितला असेल. प्रत्येक वेळी लोक हसून हसून आडवे झाले. पण जसा घडला तसा तो बाहेर कुणाला आजपर्यंत एकदाही सांगितलेला नाही. आज सांगतो.

आम्ही मूळचे लातूरकडचे. चाकणच्या पट्ट्यात, कुरुळीत, दोन खोल्यांत मी, माझी बायको आणि धाकटी असे राहतो. धाकटी गाड्यांच्या वायरी बांधणाऱ्या एका कंपनीत होती. समोर मोठा फळा, त्यावर खुणा, आणि दिवसभर उभं राहून लाल वायर लालच्या जागी, पिवळी पिवळीच्या. ठेकेदाराची कामगार. ठेकेदाराच्या कामगाराला आमच्याकडं ‘ब्रेक’ देतात. म्हणजे काही महिने काम झालं की घरी बसवायचं, कायम करायची भानगड नको, आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी फोन करून त्याच फळ्यापुढं नवी म्हणून उभं करायचं. धाकटी चार वेळा जुनी होऊन पाच वेळा नवी झाली होती.

पाचव्या ब्रेकला घरी आली आणि म्हणाली, “दादा, आता ठेकेदाराचा फोन आला तरी मी जाणार न्हाई.”

“मग काय करणार?”

“फोटो काढणार.”

मी हसलो. पण खरं सांगायचं तर तिच्या हातात काहीतरी होतं. मोबाईलवर काढायची. आमच्या गल्लीतला टेम्पोवाला गाडीखाली झोपून काहीतरी खोलत होता. बाहेर आले होते नुसते त्याचे दोन पाय, एका पायात चप्पल, दुसरी गटारीकडेला. तिनं तेवढाच फोटो काढला. टेम्पोवाल्याच्या बायकोनं तो पाहिला आणि इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी डोळे पुसत म्हणाली, “असाच हाय बघा हा मानूस.” फ्रेम करून तिनं तो देवघराच्या शेजारी लावला. नवऱ्याचं तोंड नसलेला फोटो कोणत्या बाईनं असा लावलेला मी पाहिला नाही.

तर धाकटीच्या जुन्या लाईनवरची लीडर, जी लग्न होऊन रहाटणीला गेली होती, तिला मुलगा झाला. तिनं हे फोटो पाहिले होते. बारशाचे फोटो तूच काढायचे म्हणाली. आणि बाळाच्या आत्यानं फोनवर स्वतःहून सांगितलं, “हे नीट काढलंस ना पोरी, तर आमच्या जावेचं डोहाळजेवण तुझंच. आमच्या घरात दर वर्षी कुणी ना कुणी असतंच बघ.” धाकटीला या एका बारशात पुढची दहा वर्षं दिसली. मोबाईल चालणार नव्हता. कॅमेरा पाहिजे होता, आणि ठेकेदाराचा फोन यायच्या आत पाहिजे होता.

आणि कॅमेऱ्यातलं कळणारा माणूस आमच्या घरात कोण? तर मी.

आमच्या कंपनीत लाईनच्या शेवटी एक कॅमेरा बसवलेला आहे. खालून पार्ट सरकत जातात. कॅमेरा प्रत्येक पार्टची भोकं मोजतो आणि एखादं कमी भरलं की पार्ट लाल पेटीत ढकलून देतो. माझं काम असं, की शिफ्टच्या सुरुवातीला पांढऱ्या फडक्यानं त्या कॅमेऱ्याची काच पुसायची, कागदावर सही करायची, आणि लाल पेटी भरली की ती ओतून यायची. संपलं. पण गावाकडं मी सांगितलं होतं की कंपनीतले सगळे कॅमेरे मी चालवतो. एका पंगतीत तर, बुंदी वाढणारा माझ्या पानापाशी जरा रेंगाळावा म्हणून, तो कॅमेरा जपानहून आणायला कंपनीनं मलाच पाठवलं होतं असंही सांगून बसलो. प्रत्यक्षात मी भोसरीपर्यंत गेलो होतो. टेम्पोच्या हौद्यात, खोकं धरून बसायला.

धाकटीनं हे सगळं खरं धरलं होतं. घरचीच माणसं अशी फसतात. बाहेरचे निदान निम्मं सोडून देतात.

पिंपरीच्या कॅम्पात एका दुकानात गेलो. धाकटीनं गेल्या गेल्या एक कॅमेरा उचलला. बाजूच्या फळीवर ठेवलेला, वापरलेला, कडेचा रंग गेलेला, पण पुढं चांगली बाहेर आलेली काच. तिनं तो डोळ्याला लावला आणि दुकानाबाहेर गाडीवर केळी विकणाऱ्या बाईकडं बघितलं. बोटानं कड फिरवली. परत फिरवली. तिच्या तोंडावर असं हसू आलं की मी ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, वायरीच्या कंपनीत असताना तर नक्कीच नाही.

“दादा, हा घेऊ या? हातात बसतोय.”

“वापरलेला?” मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की केळीवाल्या बाईनं वळून बघितलं. “अगं, दहा हजार तोंडं बघून बसलेला कॅमेरा हा! त्याला आता काय दिसणार? नवा घ्यायचा. सीलबंद.”

मग मी दुकानदारापुढं उभा राहिलो. म्हणालो, मी कॅमेऱ्याच्याच लाईनीत आहे, मला शिकवू नका. त्यानं काचेखालचा एक नवा कॅमेरा काढून दाखवला. त्याला पुढं व्यवस्थित काच लावलेली होती. मी तो हातात घेऊन खालून वाजवला, कानाशी धरला, वजन तोललं. माणूस कलिंगड घेतो तसं सगळं केलं.

“हाच द्या.”

“साहेब, किटमध्ये देऊ का ओन्ली बॉडी?”

आता वाचणाऱ्यानं मला सांगावं, चाकणच्या पट्ट्यात राहणारा माणूस यावर काय बोलेल? आमच्याकडं किट म्हणजे रिक्षाचं गॅसचं किट. ज्याला पेट्रोल झेपत नाही तो मागाहून बसवून घेतो ते. किट म्हणजे वरचं, जोडकामाचं, गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं. पिशवी, फडकं, तीन पायांचा स्टँड. आणि बॉडी? बॉडी म्हणजे गाडीचा जीव. अर्धा तालुका बॉडी बनवून पोट भरतो. बॉडी दणकट तर गाडी दणकट. ओन्ली बॉडी म्हणजे निव्वळ बॉडी, भेसळ नाही, फायबर नाही.

“किटबिट काही नको,” मी म्हणालो. “ओन्ली बॉडी.”

धाकटी माझी बाही ओढत होती. “दादा, ते काय विचारतात ते नीट समजून घे ना.”

“तू गप. यातलं तुला कळत नाही.”

दुकानदार चांगला होता. त्यानं परत विचारलं, “लेन्स वगैरे आहे ना साहेब घरी?”

खरं तर इथं थांबायची जागा होती. पण मला तो प्रश्न अपमानासारखा लागला. म्हणालो, “आमच्याकडं कॅमेरेच कॅमेरे आहेत. तुम्ही माल द्या.”

त्यानं मान हलवली आणि आधी सांगितलेला भाव चांगलाच खाली आणला. मला वाटलं, माझ्या बोलण्याला घाबरला. बाहेर पडल्यावर मी धाकटीला म्हणालो, “बघितलंस? असं बोलायचं असतं.” पैसे तिचे होते. फळ्यापुढं उभं राहून साठवलेले. सीलबंद खोकं मात्र मी खांद्यावर घेऊन चाललो होतो, आमदारकीला निवडून आल्यासारखा.

घरी आल्यावर ती सील काढायला लागली. मी तिचा हात धरला.

“थांब. नव्या मशीनला नारळ फोडल्याशिवाय बटण दाबत नाहीत. आमच्या कंपनीत दोन मजली प्रेस आली तरी आधी पूजा, मग बटण. बारशालाच उघडायचं. पाळण्यापुढं. पहिला फोटो बाळाचा.”

“पण मला हात बसवायला पाहिजे की. आणि बॅटरी चार्ज करायला लागते म्हणतात.”

“ती कंपनीतून भरूनच येते.”

 मग तिनं काय केलं, तर अर्धी वीट आणली, ओढणीत गुंडाळली आणि कॅमेऱ्याचं वजन म्हणून ती डोळ्यापुढं धरून गल्लीत फिरायला लागली. कोपर अंगाशी, श्वास धरून, बोट विटेच्या कडेवर. मोबाईलवर कुणाचे तरी धडे बघून शिकली होती. टेम्पोवाला गाडीखालून म्हणाला, “ताई, वीट हसा म्हणत न्हाई का?” ती हसली, पण वीट खाली नाही ठेवली.

बारसं रविवारी होतं. शुक्रवारी मी ते खोकं कंपनीत घेऊन गेलो. धाकटीला सांगितलं, आमच्या इंजिनिअरकडून एकदा बघून घेतो. इंजिनिअर मला ओळखतसुद्धा नव्हता. मला बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसायचं होतं, एवढंच. बसलोही. कुरुळीपासून कंपनीच्या गेटपर्यंत मी त्या कॅमेऱ्याबद्दल जे बोललो ते खरं असतं, तर त्यातून चंद्रावरच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता आली असती. “राव, तुझ्या घरात आता फोटो काढायचा म्हणजे अपॉइंटमेंट लागणार,” मागून एक जण म्हणाला. मी म्हटलं, भावा, तुझं बघू.

गेटवर अडवलं. आमच्याकडं आत जाताना मोबाईलच्या कॅमेऱ्यावरसुद्धा स्टिकर चिकटवतात, मग आख्खा कॅमेरा कोण नेऊ देणार? मला ते माहीत होतं. बसच्या नादात विसरलो होतो. गेटवरचे काका जवळच्याच गावचे, निवृत्तीनंतर सिक्युरिटीत लागलेले. त्यांनी खोकं हातात घेतलं, चष्मा वर केला आणि एकेक अक्षर लावून वाचलं.

“बॉडी वन्ली. मंजी लेन्स न्हाई यात.”

“आहे की काका.”

“न्हाई म्हंतो ना. माझा पुतन्या लग्नाची शूटिंग करतो. त्याच्याकडं हाय आसला. किट घेतलं तर लेन्स संगं येती, न्हाईतर निराळी घ्यावी लागती. नुस्ती बॉडी मंजी बिनभिंगाचा चष्मा.”

मागं बसमधले सगळे रांगेत उभे होते. मी हसलो. “काका, ते जुन्या मॉडेलला. यात आतच असते.”

“आसंल बाबा. मी आपलं खोक्यावर हाय ते लिवतो.” आणि त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: कॅमेरा, नग एक, लेन्स नाही. “कर सही.”

मी सही केली आणि खोकं सुट्टी होईस्तोवर त्यांच्याकडंच ठेवलं.

आत जाऊन पांढरं फडकं घेतलं आणि रोजच्यासारखी काच पुसायला लागलो. आणि पुसता पुसता पहिल्यांदाच नीट बघितलं. काच म्हणजे कॅमेरा नव्हता. ती वेगळी होती. आट्यांनी बसवलेली, मध्ये बारीकशी फट, फिरवली तर निघून हातात येईल अशी. कित्येक वर्षं मी दर शिफ्टला ती पुसत होतो. माझं फडकं तिच्यावरून हजारो वेळा फिरलं असेल. आणि तिचं नाव लेन्स, आणि ती वेगळी लावतात, हे मला गेटवरच्या काकांनी सांगावं लागलं.

त्या क्षणापासून मला माहीत होतं. मागाहून मी स्वतःला बरंच काही सांगितलं, की खात्री नव्हती, काकांचं वय झालंय. खोटं आहे ते. मला शुक्रवारी सकाळीच पुरतं माहीत होतं.

मध्ये आख्खा शनिवार होता. दुकानात जाऊन लेन्स घेता आली असती. काकांच्या पुतण्याकडून एक दिवसासाठी मागता आली असती, काका नाही म्हणाले नसते. काहीच नाही तर धाकटीला सांगता आलं असतं. तिनंच काहीतरी केलं असतं, ती माझ्यासारखी नाही. आता कुणी विचारलं तर मी सांगतो की शनिवारी चाकणच्या चौकात असा जाम होता, की पुढच्या ट्रकमधल्या कांद्याला मागच्या ट्रकपर्यंत कोंब फुटले. जाम होता, ते खरं. पण मी त्या चौकापर्यंत गेलोच नव्हतो. दुकानात परत गेलो असतो तर त्या माणसापुढं उभं राहून म्हणावं लागलं असतं, की मला माहीत नव्हतं. हे तीन शब्द तोंडातून काढायला मला आख्खा शनिवार पुरला नाही.

शनिवारी संध्याकाळी धाकटी खोक्यापाशी येऊन बसली. ओढणीनं त्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

“दादा, नुसतं उघडून हातात घेऊन बघू का? फोटो न्हाई काढत. पुन्हा ठेवते तसाच.”

मी टीव्हीकडं बघत होतो. म्हणालो, “नारळाशिवाय नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि उद्या घालायच्या ड्रेसला इस्त्री करायला गेली.

बारशाला आम्ही वेळेच्या आधी पोचलो. मी तिथंही तोंड चालवलं. खोकं पाटावर ठेवायला लावलं, आत्याबाईंच्या हातानं त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. सील भाजीच्या सुरीनं कापलं. सगळं होईस्तोवर मी मनात काय धरून बसलो होतो, ते सांगायचीही लाज वाटते. मला वाटत होतं की असेल. काका चुकले असतील. उघडेल तेव्हा आत लेन्स असेल, आपोआप. इतकी वर्षं मी थापा मारत आलो, त्यातली एखादी तरी खरी निघेलच की, असा काहीतरी हिशोब.

आणि मग आत्याबाई ओरडल्या, ते वर सांगितलंच आहे.

“कुणी आणलाय हा?” त्या म्हणाल्या. “दुकानात बघून न्हाई का घेतला?”

धाकटीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्यावर ढकलायचं म्हणून नाही. मी काहीतरी उपाय सांगेन म्हणून. मी कॅमेऱ्याच्या लाईनीतला होतो ना.

आणि मी चाळीस बायकांकडं तोंड करून हसलो, हात उडवले, आणि म्हणालो, “मी हिला दहादा सांगितलं, बाई गं, दुकानात नीट विचारून घे. पण ऐकतंय कोण? वापरलेला घे म्हटलं, साधा, चालू. तर नाही, हिला नवाच पाहिजे! सीलबंद!”

बायका हसल्या. मी असा बोललोच होतो की हसू यावं.

धाकटी अजून माझ्याकडंच बघत होती. रागानं नाही. फळ्यावरची वायर भलत्याच भोकात गेलेली दिसली की बघतात, तशी, कुठून कुठं गेली ते शोधत. ते सापडल्यावर तिनं नजर काढून घेतली. कॅमेऱ्याचं झाकण परत लावलं.

“चुकलं माझं,” ती आत्याबाईंना म्हणाली. “मोबाईलवर काढते.”

“असू दे गं,” बाळाची आई म्हणाली. मनापासून म्हणाली. पण आत्याबाई बाळाच्या कानाशी वाकल्या तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनीच मोबाईल वर धरले. चाळीस मोबाईल, आणि त्यांत एक्केचाळिसावा धाकटीचा. ती पुढं सरकायला बघत होती. कुणाचा तरी दंड आडवा येत होता, कुणाचा गजरा. एक बाई तिला म्हणाली, “बाजूला हो ना जरा, व्हिडिओ चालू आहे.” ती बाजूला झाली. कानात नाव सांगून झालं, पाठीवर बुक्क्या पडल्या, बाळ रडायला लागलं. तिच्या मोबाईलमध्ये आले ते गजरे.

परतताना ती खिडकीशी बसली होती, खोकं मांडीवर. मी म्हणालो, “आत्याबाईंचा आवाज ऐकलास का? कंपनीच्या भोंग्याला सुट्टी द्यायला हरकत नाही.” ती बाहेर बघत राहिली. कुंकू खोक्यावरून पुसत पुसत तिची बोटं लाल झाली होती. घरी वहिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं, कसे आले फोटो? तर म्हणाली, “बरे आले.” तिथंही तिनं मला सांभाळून घेतलं.

आणि मी? सोमवारी बसमध्ये कुणीतरी विचारलं, काय राव, अपॉइंटमेंट मिळंल का? तर मी सुरू झालो. “अरे, आमच्या धाकटीनं आंधळा कॅमेरा आणला!” बस हसली. मंगळवारी त्यात नारळ उडून पंख्याला लागला. बुधवारी बाळच म्हणालं, मावशी, भिंग कुठाय? आठवडा संपेस्तोवर तो किस्सा इतका गोल झाला होता की त्यात माझं नावनिशाणही उरलं नव्हतं. गेटवरच्या काकांपुढून जाताना मात्र मी खाली बघायचो.  त्यांच्याकडं रजिस्टर होतं.

दुसऱ्या आठवड्यात बाळाच्या आईचा फोन आला. धाकटी भाकरी थापत होती म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला, आणि मी तिथंच जेवत होतो. बाळाची आई बिचारी चाचरत बोलत होती. डोहाळजेवणाचं दुसऱ्या कुणाला तरी दिलंय म्हणाली. “मी आत्यांना म्हटलं, की तिचा हात चांगला आहे. पण त्या ऐकेनात. म्हणाल्या, जिला दुकानात विचारून घ्यायचं सुचत नाही, तिच्यावर कार्यक्रम कसा सोडायचा? तिचा सख्खा भाऊच तसं सांगत होता म्हणे.”

“व्हय,” धाकटी म्हणाली. “बरोबर आहे त्यांचं. बाळ कसंय?”

तव्यावरची भाकरी तिनं वेळेवर उलटली. माझा घास तोंडातच होता. तेव्हा तरी बोलायचं. फोन चालू होता, बाळाची आई ऐकत होती. मी पाणी प्यालो.

त्यानंतर मी लेन्स आणली. ओव्हरटाइम केला आणि त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं मला ओळखलं. “काय साहेब, तुम्ही तर म्हणाला होतात, घरी कॅमेरेच कॅमेरे आहेत?” मी म्हटलं, “मला माहीत नव्हतं.” किती सोपं होतं. तो हसलाही नाही, लेन्स काढून दिली. वापरलेला तो जुना कॅमेरा फळीवर नव्हता. कुणीतरी घेऊन गेलं होतं.

धाकटीनं लेन्स हातात घेतली, कॅमेऱ्यावरचा ठिपका लेन्सच्या ठिपक्याशी जुळवला, एकदा फिरवली. टक् असा आवाज झाला. कुणीही न शिकवता, पहिल्याच झटक्यात. मग दारातून गल्लीकडं बघितलं. टेम्पोवाला बाहेर उभा होता, त्यानं गंमत म्हणून केस नीट केले. तिनं फोटो नाही काढला. “छान आहे,” म्हणाली, झाकण लावलं, आणि खोक्यात घालून कपाटावर ठेवलं, गोधड्यांच्या बाजूला.

चार दिवसांनी ठेकेदाराचा फोन आला. ती “हो सर, येते सर” म्हणाली.

त्या रविवारी संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून पीठ मळत होती. बायको बाहेर गेली होती. मी बराच वेळ पाण्याच्या पिंपापाशी घुटमळलो. मग सांगितलं. पहिल्यांदाच काही वाढवलं नाही आणि काही गाळलंही नाही. गेटवरचे काका, रजिस्टर, माझी सही. मला शुक्रवारीच माहीत होतं. शनिवारी ती खोक्यापाशी बसली होती तेव्हाही माहीत होतं. बारशात तिच्या नावावर घातलं तेही घाबरून, आणि बसमध्ये रोज सांगतोय तेही. म्हटलं, आत्याबाईंच्या घरी जातो, सगळ्यांपुढं सांगतो की चूक माझी. म्हटलं, तू नको जाऊस उद्या. म्हटलं, काहीतरी बोल.

तिनं पिठावर पाण्याचा हात फिरवला आणि परात झाकली.

“बरं,” ती म्हणाली. “उद्या पहिली शिफ्ट आहे माझी. बस पावणेसहाला येते.”